अप्पांची पायवाट मी घासून टाकली

आधी कानांवर हात ठेवा, मित्रांनो! मी बोलायला लागले की गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळतात आणि शेजारच्या बाया धडाधड खिडक्या लावून घेतात. घर्रर्र, घर्रर्र! ओळखलंत का? नाही ना? अहो, मी फरशी घासणारी मशीन! घिसाई मशीन म्हणतात मला. वयानं जुनी, रंगानं एके काळी हिरवी, आता बरीचशी गंजाची. मला उचलायला चार गडी लागतात आणि चौघेही पुढं दोन दिवस कंबर धरून चालतात. आवाज मात्र पहिल्या दिवशी होता तसाच आहे. लोकांना आवडो न आवडो!

माझं अंग सगळं लोखंडाचं. वर मोटार, मागं ढकलायला लांब दांडा आणि खाली जमिनीला टेकलेला जड तवा. त्या तव्यात खरबरीत दगडाच्या बट्ट्या बसवतात. बटण दाबलं की तवा गरगर फिरतो, माणूस वरून पाणी सोडतो आणि बट्ट्या फरशीला घासायला लागतात. आधी जाडी बट्टी, मग मध्यम, मग बारीक, मग त्याहून बारीक. काळपट रबडी निघते, सगळीकडं नुसता चिखल होतो. घरची बाई दारातून बघते आणि कपाळावर हात मारते. मग फडक्यानं एक पट्टा पुसायचा. आणि खालून जी फरशी वर येते, अहाहा! पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की वायर तोडून अंगणात नाचावंसं वाटलं.

पिंगळीच्या बन्सीधरनं मला विकत आणलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. दर दसऱ्याला तो माझ्या दांड्याला झेंडूची माळ घालायचा आणि मोटारीला हळदीकुंकू लावायचा. काम सुरू करताना म्हणायचा, "चल माय, दाखव तुझा हिसका!" आणि मी दाखवायचे. आम्ही दोघांनी मिळून परभणीच्या चारी दिशांची घरं घासली. बस जिथं जात नाही तिथं बैलगाडीतून गेलो.

आणि फरश्या तरी किती तऱ्हेच्या बघितल्या! शेणानं सारवलेल्या जमिनीशी माझं कधी जमलं नाही. तिच्यावर मला ठेवलं तर मी सरळ रुतून बसेन. ती बायांच्या हातानं सजते. लाल कोबा म्हणजे सिमेंटवर लाल रंग घोटून केलेली जमीन, दिसायला देखणी, पण एकदा तडा गेला की तो वाढतच जातो. मार्बल लय नाजूक! लिंबू सांडलं की रुसलं, हळद सांडली की रुसलं. कोटा हिरवट आणि कामसू, कितीही पाय पडू देत, त्याची तक्रार नसते. मोझॅकवर माझा भारी जीव. सिमेंटमध्ये पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या दगडांचे बारके तुकडे घालून ती करतात. नवी बसवली की अशी मळकट दिसते, की मालकाचं तोंड उतरतं. मी एकदा फिरले की तुकडे उघडे पडतात, ताटात चिवडा पसरावा तसे.

आणि शहाबादी! तिच्याबद्दल काय सांगू! करडी, कुठं निळसर, खडबडीत, अंगावरचे थर सुटलेले. मे महिन्यात बाहेर ऊन रणरणत असतं, तेव्हा आपल्याकडची माणसं चटई बाजूला सारून उघड्या शहाबादीवर आडवी होतात. तिला गुळगुळीत करायला मला सगळ्यांत जास्त घाम गाळावा लागतो, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त मजाही येते.

मग टाइल्स आल्या. कारखान्यातूनच चकचकीत होऊन, खोक्यात बसून आल्या! त्यांना घासायचं कारणच नाही. बसवा, पुसा, संपलं. मला सुरुवातीला असा राग यायचा की विचारू नका. एकेक करून कामं तुटली. बन्सीधर स्वतःच टाइल्स बसवायला जायला लागला आणि मी त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याशेजारी उभी राहिले. कोंबड्या माझ्या दांड्यावर झोपायच्या. दोन दसरे गेले, माळ आली नाही.

म्हणून सांगते, त्या दिवशी बन्सीधर धावत शेडमध्ये आला आणि "ऊठ माय, ताडकळसला जायचंय! शहाबादी हाय, सबंध घर हाय!" असं ओरडला, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल! कोंबड्या उडाल्या, कडबा उडाला, छोट्या टेम्पोत घालून मला नेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला माझ्या बट्ट्या खडखडत होत्या. मी हसत होते, मित्रांनो!

ताडकळसच्या बाजारगल्लीत मन्मथअप्पांचं घर. पुढं किराणा दुकान, त्याला लागून बैठक, मग देवघर, उजवीकडं स्वयंपाकघर आणि मागच्या अंगाला न्हाणी. सगळीकडं जुनी शहाबादी. अप्पांचा मुलगा शंभुराज कंपनीतून रजा काढून आला होता. बहिणीचं, शिवरंजनीचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं आणि घरासमोरच मांडव पडणार होता.

"फरशी उपटून टाइल्स टाकायच्या हुत्या," तो बन्सीधरला म्हणाला. "पण तेवढा वखत न्हाई. अप्पा कार्तिकी पुनवेला कपिलधारच्या यात्रेला गेलेत गाववाल्यांसंगं. पाच दिवसांनी येतील. त्यांच्या यायच्या आत घर आरशावानी झालं पायजे. त्यांना सांगितलंच न्हाई मी!"

"आरसा म्हंजे आरसाच करतो बघा," बन्सीधर म्हणाला.

आणि मी सुटले! घर्रर्र! दोन वर्षांची भूक होती मला. पहिल्याच दिवशी बैठक जाड्या बट्टीनं घासून काढली. तेव्हा एक गंमत जाणवली. दुकानाच्या उंबऱ्यापासून आत जाणारी फरशी मधोमध किंचित खोलगट होती, वीतभर रुंदीची, सरळ देवघरापर्यंत. देवघरासमोर एका फरशीची कड उचललेली. न्हाणीजवळच्या फरशीचे पापुद्रे सुटून ती खरबरीत झालेली. स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक फरशी पाय पडला की डुगडुगायची.

बन्सीधरनं मला थांबवलं. "शंभूभाऊ, हितून तिथवर दगड झिजलाय बघा. सगळा सपाट करायचा म्हणलं तर लय घासावं लागंल."

"घासा की! बोट ठिवायला खड्डा ऱ्हाऊ नये. आन् ती डुगडुगणारी पण बसवून टाका."

मग काय! मी खोलगट भाग सपाट केला, उचललेली कड उडवली, पापुद्रे गायब केले. बन्सीधरनं डुगडुगणारी फरशी सिमेंटमध्ये घट्ट बसवली. चौथ्या दिवशी शेवटची बारीक बट्टी फिरली आणि फरशीत छताचा पंखा दिसायला लागला. शिवरंजनी धावत आली आणि फरशीत बघून केस नीट करायला लागली. शंभुराज मोबाइलवर फोटो काढत सुटला. मी फुगले होते नुसती! तेवढ्यात गावाबाहेर शेतातल्या सगळ्या मोटारी चालू झाल्या, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते ते, व्होल्टेज पडलं, माझ्या पोटातून धूर निघाला आणि मी बंद पडले.

बन्सीधरनं माझी मोटार खोलली, पोत्यात घातली आणि परभणीला जळालेलं वाइंडिंग नव्यानं भरायला नेली. "आठ दिस लागतील. हिला ऱ्हाऊ द्या कोपऱ्यात," असं सांगून गेला. मोटार नाही म्हणजे आवाज नाही. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या घरात अशी गप्प उभी राहिले, आणि पहिल्यांदाच घरातली माणसं दिवसभर आपसांत काय बोलतात ते मला ऐकू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी गाववाले अप्पांना दुकानापर्यंत सोडून गेले. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्यावर पिशवी, ताठ चाल. दुकानात चप्पल काढली, उंबरा ओलांडला, एक पाऊल टाकलं आणि थांबले. दुसरं पाऊल वर उचललेलं तसंच राहिलं.

"हे कुणाचं घर हाय?" त्यांनी विचारलं.

"आपलंच की अप्पा!" शंभुराज आनंदानं ओरडला. "पॉलिश केलंय सगळं! आरसा झालाय आरसा!"

अप्पांनी पाऊल खाली ठेवलं. पायाच्या अंगठ्यानं ते फरशी चाचपत राहिले, इकडं, तिकडं, पुन्हा इकडं. मग दोन पावलं चालले, पाय सरकला, आणि खांबावर खांदा आदळला. त्यांच्या पत्नी, बसम्माकाकू, आतून धावत आल्या आणि त्यांनी अप्पांना धरलं.

मित्रांनो, अप्पांना दिसत नव्हतं! सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. पण गावातल्या नव्या माणसाला सांगूनही पटायचं नाही. सकाळी उठून ते एकटे न्हाणीत जायचे, अंघोळ करून देवघरात लिंगपूजेला बसायचे, आणि आठच्या ठोक्याला दुकानात. तूर कुठली, हरभरा कुठला, चिमटीत धरून सांगायचे. कुणाचा हात नको, काठी नको. कशाच्या जोरावर? त्या फरशीच्या! खोलगट वाट पायाखाली लागली की दुकान ते देवघर. कड लागली की देवासमोर. खरबरीत लागलं की न्हाणी, जपून. डुगडुगलं की स्वयंपाकघर. ती वाट त्यांच्याच पायांनी चाळीस वर्षांत झिजवली होती, आणि मी ती चार दिवसांत घासून टाकली. मोठ्या तोऱ्यात!

"आरं, त्यांच्या पायात खुणा हुत्या सगळ्या," बसम्माकाकू मुलाला म्हणाल्या. "मला तरी कुठं सुचलं तवा! लग्नाच्या नादात मी पण मान डोलावली."

शंभुराजचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं, सवयीनं चालतात," तो पुटपुटला.

अप्पा कुणावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं! ते बाजेवर जाऊन बसले आणि तिथंच बसून राहिले. न्हाणीत जायचं तर शंभुराजनं हात धरायचा. जेवायला उठायचं तर काकूंनी. दुकानात दुसऱ्या दिवसापासून काकू बसायला लागल्या. गिऱ्हाइकं विचारायची, "अप्पा बरे हायेत ना?" काकू म्हणायच्या, "हायेत, हायेत," आणि पदर तोंडाला लावायच्या.

आणि लग्न आठ दिवसांवर! अप्पांनी पोरीला एक शब्द दिला होता. मामानं तिला देवघरातून मांडवात आणायचं, आणि दोघांच्या पुढं अप्पांनी चालायचं, कुणाचा हात न धरता. बाप आंधळा आहे म्हणून आपल्या पोरीला मांडवात कुणाच्या नजरेत कीव दिसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. तो शब्द आता बाजेवर बसून होता.

"अप्पा, मी धरते की तुमचा हात," शिवरंजनी म्हणाली.

"तू नवरी हायेस बाई. नवरीनं बापाला आणायचं व्हय मांडवात?"

शंभुराजनं काय काय केलं! सतरंज्या अंथरल्या, त्या गुळगुळीत फरशीवरून सरकल्या आणि अप्पा पुन्हा पडता पडता वाचले. मग त्यानं खांबापासून खांबापर्यंत दोरी बांधली. अप्पांनी तिला हात लावला आणि सोडून दिला. "मला दावणीला बांधायलायस व्हय रे?" ते म्हणाले, आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

मी कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होते. ज्या चमकेसाठी मी फुशारकी मारली, तिच्याकडं बघवत नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं, चुकलं माझं, चुकलं! पण माझी मोटार परभणीत होती.

लग्नाला पाच दिवस राहिले आणि सकाळी गल्लीतून आरोळी आली. "टाऽकीऽये! जातं-पाट्याला टाकीऽये!"

सुलाबाई आली होती. गावोगाव फिरून जात्याला, पाट्याला छिन्नी-हातोडीनं टाके घालणारी बाई. जातं वापरून वापरून गुळगुळीत होतं, मग त्याच्यावर दाणा नुसता घसरतो. टाके घातले की ते परत धरायला लागतं. लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची, म्हणून काकूंनी तिला हाक मारली. सुलाबाई बैठकीत फतकल मारून बसली, समोर जात्याची तळी घेतली आणि टक, टक, टक सुरू केलं.

अप्पांनी बाजेवरून मान वळवली. "कोण, सुलाबाई? बघू दे जरा."

काकूंनी तळी त्यांच्यापुढं सरकवली. अप्पांनी तळहात ठेवला. बोटं टाक्यांवरून फिरायला लागली, एका ओळीवरून दुसरीवर, आडवी, उभी. मग त्यांनी बाजेवरून पाय खाली सोडला आणि अनवाणी तळवा त्या दगडावर ठेवला! काकू म्हणाल्या, "आवं, जात्याला पाय लावायलाव काय!" अप्पांनी लगेच हात जोडून दगडाला नमस्कार केला आणि हसायला लागले. पाच दिवसांत पहिल्यांदा हसले, ते सुद्धा गदागदा.

"सुलाबाई," ते म्हणाले, "माझ्या घराला टाकी लाव."

"घराला?"

"ह्या फरशीला. दुकानापासून देवघरापर्यंत. जशी जात्याला लावतीस तशी."

शंभुराज आतून धावत आला. "अप्पा, आत्ताच पॉलिश केलंय! पावणे बघतील, काय म्हणतील? सगळी फरशी खरबडून काढायची?"

"पावणे दोन दिस ऱ्हातील रे. मला मरंपर्यंत ऱ्हायचंय हितं. आन् पोरीम्होरं मी चालायचं का न्हाई, ते सांग आधी."

शंभुराज खाली बसला. मग स्वतःच सतरंज्या गुंडाळायला लागला.

पण सुलाबाई मात्र मान हलवत होती. "अप्पा, जातं काळ्या दगडाचं आसतंय, टणक. ही शहाबादी. हिचे थर सुटत्यात. एक घाव चुकला तर ताटाएवढा पापुद्रा उठंल. मी जिम्मा घेत न्हाई बाबा."

"कोपऱ्यात करून तर बघ."

कोपरा म्हणजे माझा! शंभुराजनं शेजाऱ्यांना बोलावून मला बाजूला सरकवलं. सुलाबाईनं छिन्नी टेकवली, हातोडी मारली. टक! आणि हाताच्या पंजाएवढा पापुद्रा खाडकन उडाला. शिवरंजनीनं तोंडावर हात ठेवला. अप्पांनी आवाजावरूनच ओळखलं. ते धोतराचा सोगा मुठीत आवळून बसले.

सुलाबाई उकिडवीच पुढं सरकली. मग तिनं फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, दगडाला प्यायला वेळ दिला, झोळीतली सगळ्यांत बारकी छिन्नी काढली, ती आडवी तिरकी धरली आणि हातोडी नुसती टेकवल्यासारखी मारली. टिक. टिक. टिक. ज्वारीच्या दाण्याएवढा टाका पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. पापुद्रा नाही!

"जमतंय गं माय!" ती ओरडली. "जमतंय!"

मी तर मोटार नसतानाही फिरले असते त्या क्षणाला!

तीन दिवस घर टिकटिकत होतं. अप्पा अनवाणी पायानं तिच्या मागं मागं सरकायचे आणि सांगायचे. दुकान ते देवघर, टाक्यांच्या दोन सरळ ओळी. देवघरासमोर सुलाबाईनं पाट्यावर काढतात तशी मासोळी काढली. न्हाणीजवळ आडव्या दाट रेघा, म्हणजे पाय तिथं आपोआप जपेल. स्वयंपाकघराच्या तोंडाशी नुसते पाच टाके, आणि दारापासून मांडवाकडं परत दोन ओळी.

तिसऱ्या दिवशी बन्सीधर मोटार घेऊन आला. दारात उभा राहिला आणि किंचाळलाच. "आरं देवा! कुणी केलं हे? माझं सगळं काम नासलं!"

काकूंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. बन्सीधर ऐकत गेला, तशी त्याची मान खाली गेली. चहा तसाच गार झाला. "मला दिसलं हुतं ते खोलगट," तो म्हणाला. "मी इचारलं पण हुतं. पण कशानं झालंय ते न्हाई इचारलं."

तेवढ्यात अप्पा नव्या वाटेवरून चालत आले. एकटे! पण चेहरा आवळलेला. बाजेवर बसून त्यांनी तळवा वर केला, तर रक्ताचे बारीक ठिपके. टाक्यांच्या कडा धारदार होत्या. जात्यात दाणा दळायला तशाच कडा लागतात, पायाला त्या चावतात.

लग्न परवावर आलेलं. सुलाबाई हळूच म्हणाली, "ह्या कडा मला न्हाई मोडता येत. माझं काम धार काढायचं हाय."

बन्सीधर उठला. माझ्याकडं आला, मोटार बसवली, वायर जोडली, तव्यात सगळ्यांत बारीक बट्टी घातली. मला कळलं! एकच फेरा मारायचा होता. जरा जास्त दाबलं तर टाके पुसले जाणार, पुन्हा सगळं सपाट. कमी दाबलं तर कडा राहणार. जिनं आयुष्यभर मिळेल ते घासून टाकलं, तिला आता निम्मं ठेवायचं होतं.

"माय," बन्सीधर माझ्या कानाशी बोलावं तसं बोलला, "हिसका दाखवू नगंस. लय हळू."

त्यानं माझा दांडा वर तोलून धरला, माझं निम्मं वजन स्वतःच्या हातांवर घेतलं. शंभुराज दुसऱ्या बाजूनं लागला. दोघांच्या दंडांच्या शिरा तटतटल्या. मी फिरले. जीव मुठीत धरून फिरले, मित्रांनो! जमिनीला लागले न लागलेसं, सुलाबाईच्या एकेका टाक्यावरून, मासोळीच्या एकेका खवल्यावरून. दुकानापासून देवघर, देवघरापासून न्हाणी, दारापासून मांडव. मग बटण बंद झालं.

काकूंनी फरशी पुसली. अप्पा उतरले. एक पाऊल. दोन. पाच. न्हाणीपर्यंत गेले, आडव्या रेघांवर थांबले, वळले, परत आले. बाजेवर बसून तळवा वर केला. काकूंनी हात फिरवून बघितला.

"काई न्हाई," त्या म्हणाल्या, "काई सुदिक न्हाई!" आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या. बन्सीधरनं सुलाबाईच्या पाया पडायला वाकावं आणि तिनं त्याच्या पाया पडायला वाकावं, असा घोळ झाला आणि सगळं घर हसलं.

लग्नाच्या दिवशी मला दुकानातल्या पोत्यांमागं ढकललं होतं, पण फटीतून दिसत होतं सगळं. बाहेर हलगी वाजत होती. वरपक्षातला एक पाहुणा आत आला आणि शेजारच्याला म्हणाला, "फरशी बघा कशी उंदरानं कुरतडल्यावानी केलीय!" तेवढ्यात देवघराचं दार उघडलं. मामाच्या हातात हात देऊन शिवरंजनी उभी होती आणि त्यांच्या पुढं मन्मथअप्पा, पांढराशुभ्र फेटा, अनवाणी. मासोळीवर पाय ठेवला. वळले. दोन ओळी पायाखाली घेतल्या आणि चालायला लागले. घाई नाही, अडखळणं नाही, हात मोकळे. तो पाहुणा आपोआप बाजूला झाला. अप्पा दारात आले, उंबऱ्यावर थांबले आणि मागं वळून म्हणाले, "सावकाश ये गं बाई, उंबरा हाय."

बाप लेकीला सांगत होता, उंबरा आहे म्हणून! शिवरंजनी तेव्हा हसत होती की रडत होती, मला सांगता येत नाही. शंभुराज मात्र उघड उघड रडत होता.

त्यानंतर आठवड्यातच आम्ही पेडगावला एका घरी गेलो. तिथंही जुनी शहाबादी. मालक म्हणाला, "करा चालू, वेळ कशाला लावता?" बन्सीधरनं बटणाला हात लावला नाही. त्यानं पायातले गमबूट काढले, मोजे काढले, आणि अख्ख्या घरातून अनवाणी चालत गेला, ओट्यापासून परसापर्यंत. एका ठिकाणी थांबला, परत मागं गेला, पुन्हा त्याच जागी थांबला. मग मालकाकडं वळून त्यानं विचारलं, "तुमच्या घरात कोण कोण ऱ्हातं?"

मालक गोंधळला. पण बन्सीधरनं उत्तर आल्याशिवाय मला चालू केलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात नवी फरशी येईल तेव्हा खुशाल आनंदानं आणा. शहाबादी आणा, मोझॅक आणा, टाइल्स आणा, माझा आता कुणावर राग नाही. तिची चमक बघा, तिच्यात तोंड बघा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांना, रांगणाऱ्यांना, लंगडणाऱ्यांना आणि न दिसणाऱ्यांना तिच्यावर एकदा अनवाणी चालवा, आणि त्यांचे पाय काय सांगतात ते ऐका. ते ऐकेपर्यंत मी थांबते. हो, मी! गप्प बसून थांबते!